छोट्या अमेरिकन बँकेचा शेअर वीस वर्षं धरला तर पदरात काय पडतं

अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात स्पोकेन म्हणून शहर आहे, तिथे स्टर्लिंग फायनान्शियल नावाची बँक होती. २००६ मध्ये तिचा शेअर तिशीच्या आसपास होता, म्हणजे तीस डॉलर. २०१३ च्या सप्टेंबरमध्ये शेजारच्या ओरेगन राज्यातल्या अम्पक्वा बँकेने तिला विकत घ्यायची डील जाहीर केली, तेव्हा एका शेअरमागे जी किंमत ठरली ती पण साधारण तीस डॉलरच. सात वर्षांत कमाई शून्य, ठीक आहे, वेळ वाया गेला पण मुद्दल तरी सुटलं असं वाटेल ना? नाही सुटलं. मधे २०१० च्या नोव्हेंबरमध्ये या बँकेने ६६ जुने शेअर घेऊन १ नवा दिला होता, याला रिव्हर्स स्प्लिट म्हणतात. ज्याच्याकडे २००६ ला ६६ शेअर होते, म्हणजे जवळपास दोन हजार डॉलरचा माल, त्याच्याकडे डील झाली तेव्हा एक शेअर उरला, तीस डॉलरचा. साडेअठ्ठ्याण्णव टक्के साफ.

आणि गंमत अशी की बँक बुडालीच नाही. डिपॉझिटवाल्यांचा एक सेंट गेला नाही, शाखा चालू, एटीएम चालू, गावात कुणाला काही कळलं पण नसेल. बँक वाचली आणि बँकेचा जुना मालक गेला.

छोट्या बँकांच्या शेअरबद्दल बोलताना लोक प्रॉफिट किती वाढला, डिव्हिडंड किती टक्के, शाखा किती उघडल्या यावर तासन्‌तास बोलतात. माझं मत असं की वीस वर्षांचा रिटर्न मुळात दोन-तीन वाईट वर्षांत ठरतो, त्या वर्षांत बँकेला नवीन शेअर किती काढावे लागले आणि कुठल्या भावाने, यावर. बाकीची सतरा वर्षं तशी बहुतेक बँकांची सारखीच जातात. हे कसं ते आता जरा आकड्यांनी बघू, गणित शाळेतलंच आहे, घाबरू नका.

आधी ही जमात काय आहे ते पटकन. अमेरिकेत कम्युनिटी बँक म्हणजे ढोबळमानाने १० बिलियन डॉलरपेक्षा कमी पसारा (म्हणजे दिलेली लोनं, रोखे, रोकड सगळं मिळून) असलेली, दोन-चार काउंटीत काम करणारी बँक, जी आसपासच्या लोकांकडून डिपॉझिट घेते आणि आसपासच्याच लोकांना घरासाठी, दुकानाच्या गाळ्यांसाठी, शेतीसाठी लोन देते. १९८० च्या दशकाच्या मध्यात तिथे १४ हजारांवर कमर्शियल बँका होत्या, आता ४ हजारांच्या आसपास राहिल्यात. इतक्या होत्याच का, तर एका राज्यातल्या बँकेने दुसऱ्या राज्यात शाखा उघडायला कायद्याने अडथळे होते, ते १९९४ च्या रीगल-नील कायद्याने काढले आणि मग मोठ्यांनी छोट्यांना गिळायचा वेग वाढला. काही बुडाल्या, पण बहुतेक विकल्या गेल्या, हा फरक शेअर धरणाऱ्यासाठी फार महत्त्वाचा आहे, त्यावर नंतर येतो.

आता गणित. बँकेकडे स्वतःचं जे भांडवल असतं त्याला शेअरच्या संख्येने भागलं की बुक व्हॅल्यू येते, आणि त्यातून गुडविल वगैरे हवेतल्या गोष्टी वजा केल्या की टँजिबल बुक व्हॅल्यू. बँकांच्या बाबतीत हाच आकडा धरायचा, कारण दुसऱ्या बँकेला चढ्या भावाने विकत घेतल्यावर जे गुडविल कागदावर बसतं त्यातून लोन बुडल्यावर भरपाई करता येत नाही. समजा एका बँकेची टँजिबल बुक शेअरमागे २० डॉलर आहे आणि ती त्यावर वर्षाला १२ टक्के कमावते, म्हणजे २.४० डॉलर. त्यातले ४० टक्के, म्हणजे ९६ सेंट, डिव्हिडंड म्हणून वाटले आणि १.४४ डॉलर आत ठेवले. म्हणजे बुक वर्षाला ७.२ टक्क्यांनी वाढली. हे असंच वीस वर्षं चाललं तर २० चे होतात जवळपास ८० डॉलर.

तुम्ही हा शेअर बुकच्या सव्वापट भावाने घेतला असेल, म्हणजे २५ डॉलरला, आणि वीस वर्षांनी पण लोक सव्वापटच द्यायला तयार असतील, तर भाव झाला १०० डॉलर, आणि मधे डिव्हिडंडचे मिळून ४० डॉलर हातात आले ते वेगळे. वर्षाला साधारण ११ टक्के पडले. कुणी फार हुशारी केली नाही, कुठलं ॲप काढलं नाही, नुसतं लोन दिलं, वसूल केलं, परत दिलं.

तोच शेअर तुम्ही भलत्या वेळी बुकच्या दुप्पट भावाने घेतला, ४० डॉलरला, आणि विकताना सव्वापटच मिळाली, तर बँकेने सगळं तस्संच करूनही तुमच्या वाट्याला साडेसात टक्क्यांच्या आसपास येतात. वीस वर्षं थांबलात म्हणून एवढे तरी, पाच वर्षांत हाच फरक पडला असता तर डिव्हिडंड धरूनही नफा जवळपास शून्यावर आला असता.

इथपर्यंत सगळं गोड आहे. पण घोडं पेंड खातं ते पुढे.

बँकेचा धंदा उधारीवर चालतो हे आपण ऐकलेलं असतं पण आकडा डोळ्यासमोर नसतो. वरच्याच बँकेचे १ कोटी शेअर धरा, म्हणजे भांडवल २०० मिलियन डॉलर, आणि पसारा २ बिलियनचा. म्हणजे शंभरातले नव्वद दुसऱ्याचे, दहा आपले. घर घेताना दहा टक्के डाउन पेमेंट भरून नव्वद टक्के लोन काढलं आणि घराची किंमत दहा टक्क्यांनी पडली की कागदावर आपलं काहीच उरत नाही, तसंच हे. आता त्या २ बिलियनपैकी दीड बिलियनची लोनं दिलीत, त्यात बरीचशी नवीन बांधकामांना, आणि २००९ सारखं वर्ष आलं. लोनपैकी ८ टक्के बुडाली, म्हणजे १२० मिलियन गेले. भांडवल उरलं ८० मिलियन. शेअरमागे २० होते ते ८ डॉलर.

पण लोकांना माहितीये की अजून बुडणार असेल, म्हणून शेअर ८ लाही कुणी घेत नाही, तो ४ ला आलाय. आणि नेमकं याच वेळी सरकारी तपासनीस येऊन सांगतात की भांडवल आणा नाहीतर आम्ही बँक बंद करून दुसऱ्याला देतो. बँक १०० मिलियन गोळा करते, ४ डॉलरच्या भावाने, म्हणजे अडीच कोटी नवीन शेअर काढते. भांडवल परत १८० मिलियन झालं, बँक धडधाकट, पेपरात फोटो. पण शेअर आता साडेतीन कोटी आहेत. शेअरमागे ५.१४ डॉलर. जुना मालक आधी शंभर टक्क्यांचा मालक होता, आता साडेअठ्ठावीस टक्क्यांचा.

आता त्या ५.१४ चे परत २० व्हायला, आधीच्याच ७.२ टक्के वेगाने, किती वर्षं लागतात काढून बघा. साडेएकोणीस. म्हणजे एका वर्षाने एक अख्खी पिढी खाल्ली, आणि तेही डिव्हिडंड पहिल्या दिवसापासून चालू झाला असं धरून, जे होत नाही, तो आधी बंदच होतो.

स्टर्लिंगमध्ये झालं ते हेच, फक्त आकडे याहून भयानक होते. २०१० च्या ऑगस्टमध्ये त्यांनी ७३० मिलियन डॉलर उभे केले, वीस सेंटने एक शेअर या भावाने. वीस सेंट. सरकारने संकटात दिलेले ३०३ मिलियनही मोठी कपात सोसून साध्या शेअरमध्ये बदलून घेतले. ज्यांनी वीस सेंटने पैसे टाकले त्यांना तीन वर्षांत चांगला नफा झाला, कारण त्यांचे ६६ शेअर पडले १३ डॉलर २० सेंटला आणि डीलच्या वेळी त्याच एका शेअरला तीस मिळाले. म्हणजे त्याच बँकेच्या त्याच शेअरमध्ये एकाचं दिवाळं आणि दुसऱ्याची दिवाळी, फक्त कधी शिरला यावर.

म्हणून जुने चार्ट बघताना भाव स्प्लिट धरून दाखवलाय की नाही हे आधी तपासायचं. धरून दाखवला असेल तर २००६ चा भाव दोन हजार डॉलरच्या आसपास दिसेल, आणि तो बघून नवखा माणूस म्हणतो हे काहीतरी चुकलंय. चुकलेलं नसतं.

आता उलटी बाजू, कारण सगळंच रडगाणं नाहीये. त्याच २०१०-११ मध्ये आर्कान्सा राज्यातली बँक ऑफ द ओझार्क्स काय करत होती? एफडीआयसीकडून, म्हणजे डिपॉझिटचा विमा उतरवणारी जी सरकारी संस्था आहे तिच्याकडून, बुडालेल्या सात बँका उचलत होती. बहुतेक जॉर्जियातल्या, एक फ्लोरिडातली, एक साउथ कॅरोलिनातली. अशा बँका त्या काळात स्वस्तात मिळायच्या आणि वर एफडीआयसी लिहून द्यायची की यातली लोनं बुडाली तर नुकसानीचा मोठा हिस्सा आम्ही सोसू. हे कुणाला जमलं, तर ज्याच्याकडे त्या वेळी भांडवल शिल्लक होतं त्याला. २००८ ते २०१२ या पाच वर्षांत अमेरिकेत ४६५ बँका बंद पडल्या, बहुतेक छोट्या, म्हणजे बाजारात माल भरपूर होता आणि गिऱ्हाईक कमी.

ओझार्क्सची गोष्ट तशी मजेशीर आहे. जॉर्ज ग्लीसन नावाच्या तरुण वकिलाने १९७९ मध्ये, वयाच्या पंचविशीत, एका खेड्यातल्या बँकेचा ताबा घेतला. १९९७ ला शेअर बाजारात आणला १६ डॉलरला. त्यानंतर २००२, २००३, २०११ आणि २०१४ मध्ये एकाचे दोन केले, म्हणजे सुरुवातीच्या एका शेअरचे सोळा झाले, म्हणजे मूळ खर्च एका शेअरला एक डॉलर. २०१७ च्या सुरुवातीला भाव होता पन्नाशीच्या वर. डिव्हिडंड धरलाच नाही अजून. वीस वर्षांत पन्नासपट, आणि हे सगळं बँकेत, जिथे म्हणे काही घडत नाही.

पण आता पुढचा भाग बघा, हा भाग सहसा सांगितला जात नाही. २०१६ च्या शेवटी लोक या शेअरला टँजिबल बुकच्या जवळजवळ तिप्पट देत होते. त्यानंतर बँकेचं नाव बदलून बँक ओझेडके झालं, २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये दोन मोठ्या लोनवर ४५ मिलियनच्या वर पाणी सोडावं लागलं आणि शेअर एका दिवसात पाव हिश्शाहून जास्त पडला. ४५ मिलियन त्या बँकेला तसे जड नव्हते, पण तिप्पट भाव देणाऱ्यांची श्रद्धा तुटली. पुढे बुक वाढतच गेली, दुपटीहून जास्त झाली, आणि २०२४ च्या शेवटी शेअर साधारण बुकइतक्याच भावाला मिळत होता. म्हणजे आठ वर्षं बँकेने कमावलं आणि शेअरचा भाव तरी आठ वर्षांपूर्वी होता त्याच्या खालीच. वर जे दुप्पट-सव्वापटचं गणित केलं ते हेच.

तिसरा त्रास व्याजदराचा. बँक डिपॉझिट घेते ते कधीही काढता येणारं आणि लोन देते ते तीस-तीस वर्षांचं. फेडने, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, २०२२ च्या मार्चपर्यंत दर जवळपास शून्यावर ठेवला होता तो २०२३ च्या जुलैपर्यंत सव्वापाच ते साडेपाचवर नेला. ज्यांनी स्वस्त काळात तीन टक्क्यांनी घरकर्जं दिली होती त्यांना डिपॉझिटवर आता त्याहून जास्त द्यावं लागायला लागलं. रोखे होते त्यांची बाजारातली किंमत पडली, २०२२ च्या शेवटी अमेरिकन बँकांच्या पोटात असा अजून प्रत्यक्षात न आलेला, कागदावरचा तोटा सुमारे ६२० बिलियन डॉलर होता. सिलिकॉन व्हॅली बँकेतून ९ मार्च २०२३ ला एका दिवसात ४२ बिलियन निघाले आणि दुसऱ्या दिवशी बँक बंद. ती काही गावातली बँक नव्हती, तिची डिपॉझिटं बहुतेक कंपन्यांची आणि अडीच लाख डॉलरच्या विम्याच्या मर्यादेच्या कितीतरी वरची, पण घाबरगुंडी सगळ्यांच्याच शेअरची उडाली.

या काळात मला सगळ्यात बघण्यासारखी वाटली ती मॅसॅच्युसेट्समधली हिंगहॅम इन्स्टिट्यूशन फॉर सेव्हिंग्स. १८३४ सालची बँक, १९८८ पासून बाजारात. गेली वीसेक वर्षं हिचे शेअर एकवीस लाखांच्या आसपासच आहेत, कोटींत नाही, एकवीस लाख. कंजुषी अशी की २०२१ मध्ये एक डॉलर कमवायला पंचवीस सेंटपेक्षाही कमी खर्च करत होती, जिथे बहुतेक बँकांना पन्नास-साठ सेंट लागतात. पण धंदा अगदी एकमार्गी, घरं आणि भाड्याच्या इमारतींवर लोन, आणि पैसा बराचसा महागड्या वाटेने आणलेला. व्याजदर चढले तसं मार्जिन चेपलं. २०२१ च्या शेवटी शेअर चारशेच्या वर होता, २०२३ मध्ये दोनशेच्याही खाली आला. अर्ध्याहून जास्त गेले! पण लोनं बुडाली नाहीत, नवीन एकही शेअर विकायला लागला नाही, नेहमीचा डिव्हिडंड चालू राहिला, आणि बुक हळू का होईना वाढतच राहिली. म्हणजे चार्टवर स्टर्लिंगसारखीच आपटी दिसते पण आत झालेली गोष्ट पूर्ण वेगळी. इथे मालकाचा हिस्सा होता तेवढाच राहिला, थांबायची तयारी असेल तर थांबता येतं. स्टर्लिंगमध्ये थांबून काही उपयोगच नव्हता, कारण परत यायला जे लागतं तेच दुसऱ्याला विकून झालं होतं.

सगळ्या प्रादेशिक बँकांचा मिळून फंड घेतला तर? केआरई नावाचा ईटीएफ २००६ च्या जूनमध्ये पन्नास डॉलरच्या आसपास सुरू झाला आणि २०२३ च्या मे महिन्यात चाळीसच्याही खाली होता. सतरा वर्षांनी भाव उणे, जो काही रिटर्न तो डिव्हिडंडचा. सरासरी ही अशी. आणि हेही लक्षात घ्या की आज आपण ज्या चांगल्या छोट्या बँकांची उदाहरणं देतो, मी पण आत्ताच दिली, त्या टिकल्या म्हणून आपल्याला दिसतात.

एक छोटी सूचना मधेच, २०१८ मध्ये अमेरिकेत कंपन्यांवरचा केंद्राचा टॅक्स ३५ टक्क्यांवरून २१ वर आला, आणि बँका पूर्ण टॅक्स भरणाऱ्यांपैकी असल्याने त्यांचा प्रॉफिट त्या वर्षी बसल्या जागी उसळला. त्यामुळे २०१७ पासूनची वाढ दाखवणारा कुठलाही तक्ता जरा जपूनच वाचावा.

आता विकल्या जाण्याबद्दल. छोट्या बँकेच्या शेअरचा शेवट बरेचदा दुसऱ्या बँकेने विकत घेण्यात होतो, आणि विकणाऱ्याला बाजारभावावर काही टक्के जास्त मिळतात, म्हणून काही लोक फक्त याच आशेवर असे शेअर धरतात. यात १० बिलियनची रेषा कामाला येते. पसारा तिच्यापुढे गेला की डेबिट कार्डावर दुकानदाराकडून मिळणाऱ्या फीवर कायद्याने वरची मर्यादा बसते आणि तपासणीही वाढते, त्यामुळे आठ-नऊ बिलियनवर पोचलेली बँक एकतर स्वतः विकली जाते किंवा दुसऱ्याला घेऊन एकदम रेषेच्या बरीच पुढे उडी मारते. विकणाऱ्याचा शेअर तुमच्याकडे असेल तर उत्तम. घेणाऱ्याचा असेल तर परत तेच विचारायचं, नवीन शेअर किती काढले आणि शेअरमागची टँजिबल बुक किती घसरली. दरवर्षी एक बँक गिळून पसारा तिप्पट करणारे आणि शेअरमागे मात्र दहा वर्षांपूर्वी जिथे होते तिथेच असणारे साहेब लोक पुष्कळ आहेत, पगार पसाऱ्यावर ठरतो ना.

वाईट काळात बँक कशी वागली ते शोधायला फार अक्कल लागत नाही. टेक्सासमध्ये १९८० च्या दशकात तेलाचे भाव पडले तेव्हा राज्यातल्या दहा मोठ्या बँकांपैकी सरकारी मदतीशिवाय टिकली ती एक, सॅन अँटोनियोची फ्रॉस्ट, आणि २००८ ला सरकार सगळ्यांना पैसे देत होतं तेव्हा हिने नको म्हणून सांगितलं. हा स्वभाव ताळेबंदात दिसतो, फक्त आजच्या नाही, जुन्या.

म्हणून करायचं काय, तर अमेरिकन कंपन्यांचे वार्षिक अहवाल, ज्याला तिकडे १०-के म्हणतात, ते एजगर नावाच्या सरकारी साइटवर फुकट आहेत. त्याच्या पहिल्याच पानावर एकूण शेअर किती ते छापलेलं असतं. बँकेचा २००६ चा काढा, २०१२ चा काढा, दोन्ही आकडे शेजारी ठेवा. वाढले असतील तर का वाढले, संकटात भांडवल आणायला की दुसरी बँक घ्यायला, ते आत मिळेल, आणि मधे रिव्हर्स स्प्लिट झाला असेल तर आधी जुना आकडा त्याने भागून घ्या नाहीतर शेअर कमी झालेत असं वाटेल. हिंगहॅमचे कागद मात्र तिथे सापडणार नाहीत, तिच्यावर होल्डिंग कंपनी, म्हणजे बँकेची मालक असलेली वरची कंपनी, नाही म्हणून ती आपले अहवाल एफडीआयसीकडे देते, ते तिकडून किंवा बँकेच्या साइटवरून घ्यावे लागतात. आणि ज्या अगदीच चिमुकल्या बँका कुठल्या मोठ्या एक्स्चेंजवर नाहीत, ज्यांचे दिवसाला शंभर शेअर पण हलत नाहीत, त्यांच्या तिमाही आकड्यांचे तक्ते सरकारी साइटवर मिळतात पण त्यात माहिती बँकेची असते, वरच्या होल्डिंग कंपनीच्या शेअरची नाही, तिथे सरळ बँकेला पत्र टाकून जुने वार्षिक अहवाल मागवायचे.